सूर्यद्वार आणि 'शोध' हे क्रियापद

पेरूमध्ये कुस्कोहून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या ८२व्या किलोमीटरपाशी सुरू होणारी आणि माचू पिच्चूच्या अवशेषांपाशी संपणारी इंकांची दगडी वाट सुमारे ४३ किलोमीटरची आहे. पदभ्रमण करणारे गट ती बहुधा चार दिवसांत चालतात. कष्टाच्या दृष्टीने दुसरा दिवस सर्वांत अवघड. त्या दिवशी ४,२१५ मीटर उंचीची खिंड ओलांडायची असते. परंतु ह्या वाटेची प्रवासवर्णने चौथ्या दिवसावर डोळा ठेवूनच लिहिलेली असतात. पहाटे साडेतीनला उठणे, विन्याय वायनाच्या तळाजवळील फाटकापाशी अंधारात रांगेत बसणे, साडेपाचला फाटक उघडताच झपाझप सुटणे, शेवटच्या उभ्या पायऱ्या हात टेकत चढणे, आणि मग इंतीपुंकू, म्हणजे सूर्यद्वार. खाली धुके विरळ होते आणि नगर 'सापडते'. आम्ही चाललो तेव्हाही ह्याहून निराळे काही घडले नाही.

ह्या 'सापडते'विषयी थोडे लिहायचे आहे. मराठीत शोध घेतला जातो, शोध लागतो आणि शोध लावलाही जातो. पहिल्यात प्रयत्न आहे, दुसऱ्यात योगायोग, आणि तिसऱ्यात कर्ता आपले नाव पुढे करून उभा राहतो. येल विद्यापीठात इतिहास शिकवणारे हायरम बिंगम ह्यांच्या बाबतीत ही तीन क्रियापदे एकमेकांत कशी मिसळली, हे पाहण्यासारखे आहे.

२४ जुलै १९११ची सकाळ पावसाळी होती. बिंगम ह्यांच्यासोबतच्या निसर्गतज्ज्ञाला नदीकाठी फुलपाखरे अधिक मिळतील असे वाटले, डॉक्टरांना कपडे धुवायचे होते. दोघेही आले नाहीत. मेल्चोर आर्तेआगा नावाचा तिथला शेतकरी एका चांदीच्या नाण्याच्या मोबदल्यात वाट दाखवायला तयार झाला. सोबत पेरूच्या लष्करातला एक सार्जंट. चढ संपल्यावर एक झोपडी लागली. रिचार्ते आणि आल्वारेझ ही दोन कुटुंबे तिथे काही वर्षांपासून शेती करत होती. सरकारी अधिकाऱ्यांच्या, करवसुलीच्या आणि सैन्यभरतीच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ती वर येऊन राहिली होती. इंकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर त्यांचा मका आणि बटाटा उभा होता. आर्तेआगा गप्पा मारत झोपडीपाशीच थांबला आणि पुढची वाट एका लहान मुलाने दाखवली. म्हणजे 'हरवलेल्या' नगरात त्या दिवशी कोणाच्या तरी घरी स्वयंपाक होत होता.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर कोळशाने एक नाव लिहिलेले होते: लिसारागा, १९०२. आगुस्तीन लिसारागा हा त्याच खोऱ्यात राहणारा शेतकरी. बिंगम ह्यांनी आपल्या टिपणवहीत माचू पिच्चूचा शोधक म्हणून त्याचीच नोंद केली. १९१२मध्ये लिसारागा नदीत बुडून मरण पावला. १९४८मध्ये बिंगम ह्यांचे 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' प्रसिद्ध झाले, तेव्हा शोधकाचा तो मान लिसारागाकडे राहिला नव्हता. टिपणवही आणि ग्रंथ ह्यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. आठवण जुनी होत जाते तशी तिची रचना सुबक होत जाते, हा अनुभव आत्मचरित्रांच्या वाचकांना नवा नाही. मात्र इथे त्या सुबकपणाची किंमत दुसऱ्याच्या नावाने चुकती झाली. (ज्या नगराचा बिंगम शोध घेत होते ते इंकांचे अखेरचे आश्रयस्थान विल्काबाम्बा. ते माचू पिच्चूच होय, असे ते शेवटपर्यंत मानत राहिले. प्रत्यक्षात ते एस्पिरितू पाम्पा येथे होते. तिथेही ते १९११मध्येच जाऊन आले होते!)

सूर्यद्वारातून दिसणारे दृश्य बिंगम ह्यांना त्या सकाळी दिसलेच नव्हते. उरुबाम्बा नदीच्या घळीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेचरांसाठी रस्ता काढला गेला होता. त्या रस्त्याने ते आले आणि खालून वर चढले. डोंगरावरून येणाऱ्या जुन्या वाटेचा माग त्यांनी १९१५च्या मोहिमेत काढला, आणि तिच्यावरील विन्याय वायनाचे अवशेष १९४०-४१मध्ये पॉल फेयोस ह्यांच्या मोहिमेने साफ केले. तेव्हा चौथ्या दिवशी सूर्यद्वारात उभा राहिलेला प्रवासी आपण बिंगम ह्यांच्या जागी आहोत असे समजतो, ते भूगोलाला धरून नाही. प्रसंग एकाचा, वाट दुसऱ्यांची. त्यांची जोडणी पर्यटनाने केली आहे.

आर्तेआगाची आणि त्या मुलाची आजची जागा कोणती, असा प्रश्न मग पडतो. ह्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच प्रवेश आहे आणि त्यांतले बहुसंख्य वाटाडे, आचारी व हमाल असतात. आमच्या गटात आम्ही बारा आणि हमाल एकोणीस. बहुतेकांची भाषा क्वेचुआ. २००१च्या कायद्याने प्रत्येकाच्या पाठीवरचे ओझे २० किलोंपर्यंत मर्यादित झाले. त्याआधी त्याला काही धरबंध नव्हता. तीन दिवस हे लोक आमच्या मागून निघून आमच्या आधी पोहोचत, आणि आम्ही धापा टाकत तळावर येईपर्यंत तंबू उभे असत. तिसऱ्या संध्याकाळी रीतीप्रमाणे निरोपसमारंभ झाला, प्रत्येकाने नाव आणि गाव सांगितले, बक्षिसी दिली गेली. निरोप एक दिवस आधीच का, ह्याचे उत्तर वेळापत्रकात आहे. चौथ्या पहाटे आम्ही फाटकाकडे वळतो तेव्हा हमाल तंबू गुंडाळून उलट दिशेने, खोऱ्यातल्या रेल्वेकडे, जवळजवळ धावतच उतरतात. पहाटेची गाडी चुकली तर पुढच्या गटाचे काम हातचे जाण्याची भीती. सूर्यद्वारात ते नसतातच. त्यामुळे आमच्या छायाचित्रांतही नाहीत.

आमच्यासोबतच्या सर्वांत वयस्कर हमालाला वाटाड्यामार्फत विचारले, तेव्हा कळले की तेरा वर्षे ही वाट चालूनही माचू पिच्चू त्याने एकदाच आतून पाहिले आहे, तेही मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर, गाडीने जाऊन.