गाजरगवताची ॲलर्जी: नाव कुठून आले आणि काळजी काय घ्यावी

पावसाळ्यात रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचे जे झाड माजते, त्याला कोणी गाजरगवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, म्हणून ‘गाजर’. प्रत्यक्षात ते गाजराच्या जातीचे नाही आणि गवतही नाही. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातले ते झाड आहे. हे तुमच्या उपयोगाचे आहे, कारण “मला गवताची ॲलर्जी आहे” एवढेच सांगितले तर डॉक्टरांची दिशा चुकू शकते. गाजरगवताचा त्रास असलेल्या काहींना शेवंती हाताळूनही पुरळ येते. नावामुळे गाजर खाणे मात्र सोडू नका!

मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५५ मध्ये पुण्यात आढळले आणि पुढच्या वर्षी त्याची नोंद प्रसिद्ध झाली. काँग्रेस सरकारच्या काळात पीएल-४८० योजनेच्या अमेरिकन गव्हातून ते आले, म्हणून ‘काँग्रेस गवत’, असे सांगतात. पण भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतरचा. बी आधीच्या आयात धान्यातून आले असू शकते. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून हे नाव पडले, असेही काही जण मानतात.

त्रास मुख्यतः त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याचा. झाडाला हात न लावताही, वाळलेल्या पानांचे कण हवेतून अंगावर बसून पापण्या, मान, कोपराच्या खळग्यात खाज सुटते, त्वचा जाड व काळपट होते. परागकणांमुळे शिंका, नाक वाहणे, दमाही होतो. अनेक जण याला नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. चेहऱ्यावर ते मनाने लावू नका. पॅच टेस्टने निदान पक्के करता येते.

झाडे फुलोऱ्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उपटा. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. कपडे त्या झुडपांवर वाळत घालू नका, उपटलेला ढीग जाळू नका.

धाप लागली, छातीत घरघर झाली किंवा ओठ-चेहरा सुजला, तर लगेच दवाखाना गाठा.