पाठलाग करणाऱ्याची लेखणी

सराईत दरोडेखोर आणि त्यांच्या मागावर असलेला चिवट पोलीस अधिकारी या जोडीवर बेतलेले चित्रपट पाहताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो : ही कथा मुळात कोणी लिहून ठेवलेली असते? पुणे जिल्ह्याच्या शिरूर-दौंड टापूचा इतिहास या प्रश्नाला चांगलेच भिडतो.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी गावावर दरोडा पडला. टोळीत भरणा रामोशांचा होता; म्होरक्या मात्र पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील माजी कारकून, वासुदेव बळवंत फडके. हा मुलूख आधीच धुमसत होता. याच तालुक्यातील करडे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार घातला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजचा दौंड ज्यात मोडत असे त्या तत्कालीन भीमथडी तालुक्यात, सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळण्यात आले. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. तेव्हा सावकाराचे घर हे लक्ष्य फडक्यांनी नव्याने शोधले असे म्हणता येत नाही. त्यांनी त्याला स्वराज्याचा हेतू जोडला.

मेजर हेन्री डॅनियल त्यांच्या मागावर निघाले. मे १८७९ मध्ये कोकणात पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घालून परतणाऱ्या टोळीला त्यांनी गाठले आणि दौलतराव नाईक मारले गेले. जुलैमध्ये फडके कलादगी जिल्ह्यात पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप भोगत असता १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

या खटल्यात आरोपीविरुद्ध जो पुरावा मांडला गेला, त्यात त्याचेच आत्मचरित्र आणि रोजनिशी होती. सरकारने त्यांचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले. ज्या मजकुराने फडक्यांना शिक्षेपर्यंत नेले, त्याच मजकुराने पुढे त्यांना क्रांतिकारक म्हणून ओळख मिळवून दिली. दरोडा ‘कशासाठी’ घातला हे सांगायला दरोडेखोराचा स्वतःचा शब्द शिल्लक राहिला, म्हणून हे घडले.

रामोशांना ही सोय नव्हती. त्याच समाजातील उमाजी नाईक १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेले. त्यांच्या पाठलागावर नेमलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी १८३३ मध्ये रामोशांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उमाजींविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आजही तो उघडतो. म्हणजे पकडणाराच चरित्रकार झाला. दौलतरावांच्या वाट्याला तर सरकारी अहवाल आणि फडक्यांच्या लिखाणातील उल्लेख एवढेच आले; आणि त्या लिखाणात रामोशांना लुटीचाच लोभ असल्याची तक्रार आहे.

ती तक्रार खरीही असेल. पण गावाची राखण हे ज्यांचे परंपरागत काम, त्यांची ती वृत्ती आणि हक्क इंग्रजी अमलात आटत गेल्यावर त्यांनी लुटीतील वाटा मागितला, तर त्याला नुसता लोभ म्हणावे काय? पगार सोडून आलेला कारकून आणि पोटासाठी आलेला नाईक यांच्या हेतूंत फरक असणारच. त्या फरकावरून एकाला क्रांतिकारक आणि दुसऱ्याला दरोडेखोर ठरवताना आपण नकळत सरकारी दफ्तराचीच भाषा बोलतो.

गजेंद्र अहिरे यांनी २००७ मध्ये फडक्यांवर मराठी चित्रपट केला. अजिंक्य देव त्यात नायक होते. फडक्यांची कथा अशी पुन्हापुन्हा सांगितली जाते, कारण तिला स्वतःचा कागद आहे. धामारीच्या त्या रात्री फडक्यांबरोबर चाललेल्या इतरांची कथा कोणाला लिहायची झाल्यास, त्यांना पकडणाऱ्यांनी लिहिलेले कागद वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ते वाचावेत, मात्र ते कोणाचे आहेत हे विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.