मराठी शिक्षकाची सनद

औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याकडे जाणाऱ्या सडकेवर, मनमाड–हैदराबाद लोहमार्गालगत वसलेल्या करमाडचे नाव इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाही. परंतु ज्या मुलखात रयतेची भाषा मराठी आणि दफ्तराची भाषा उर्दू असा दुहेरी कारभार दीर्घकाळ चालला, तेथे मराठी शिकविणाऱ्याची पात्रता कोणी व कोणत्या अधिकाराने ठरविली, याचा विचार करावयाचा झाल्यास अशाच एखाद्या गावापासून आरंभ करणे सयुक्तिक होय.

सनदेपूर्वीच्या काळी ही पात्रता गाव ठरवीत असे. ज्याचे मोडीचे वळण ठसठशीत, ज्याला पावकी, निमकी, औटकी न अडखळता म्हणता येते आणि ज्याच्यापाशी धूळपाटीवर मुलांची बोटे गिरवून घेण्याइतका धीर आहे, तो पंतोजी. त्याचे वेतन म्हणजे शिधा आणि सणावारी मिळणारे चार पैसे. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी पंतोजींची छडी बहुधा खाल्ली नसावी, आणि पंतोजींच्या शाळेच्या ओसरीच्या पायरीखालीच ज्यांना थोपविले जाई, त्यांना तर तो मानही लाभला नाही. म्हणूनच सरकारने शिक्षक पारखून घ्यावा ही कल्पना मुळात अन्यायाची नव्हती. गोदावरीपलीकडच्या इंग्रजी अमलात मुंबईस १८४५ साली शिक्षक घडविण्याचा वर्ग निघून बाळशास्त्री जांभेकर त्याचे प्रमुख झाले. पुढे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरास आणि पुण्यास. आणि १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा व त्यास पोटापुरते वेतन मिळावे, असा आग्रह धरला.

अलीकडच्या काठावर, निजामाच्या राज्यात, मामला निराळा होता. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही सरकारी भाषा झाली, आणि तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचा पत्रव्यवहार, शेरे व हुकूमनामे तिच्यातच होऊ लागले. प्राथमिकच्या खालच्या इयत्तांत मराठीला जागा असे. वरच्या पायरीवर पाऊल ठेवताच उर्दूचे राज्य सुरू होई. करमाडसारख्या गावातील मराठी शिकविणाऱ्या गुरुजींची कल्पना करावी: समोर मराठी बोलणारी मुले, फळ्यावर बाळबोध अक्षरे, आणि दौऱ्यावर आलेल्या मोहतमीमाचा, म्हणजे शाळा तपासनिसाचा, शेरा उर्दूत, त्याखाली आजूर किंवा बहमन महिन्याची फसली तारीख. मराठी उत्तम शिकविली की वाईट, याचा निवाडा मराठीबाहेरच्या लिपीत लिहिला जाई, आणि हे कोणास विपरीतही वाटत नसे.

या कथेतील खरा विरोधाभास येथेच आहे. इंग्रजीखेरीज उच्च शिक्षण असंभव मानले जाण्याच्या काळात, १९१८ साली, हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापून देशी भाषेतून शास्त्रे शिकविण्याचे धाडस याच दरबाराने केले. शब्दकोश रचले, ग्रंथ भाषांतरिले. तो उद्योग खरोखर स्तुत्य होता, आणि मराठी अभिमानापायी तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा त्या उदारतेच्या बाहेर राहिली.

तेव्हा मराठीची शाळा ही लोकांची गोष्ट झाली. हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय १९०७ साली, औरंगाबादेत सरस्वती भुवन १९१५ मध्ये, अंबाजोगाईस योगेश्वरी १९१७ मध्ये निघाली. १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. खासगी शाळा काढण्यास परवानगी लागे आणि ती सुखासुखी मिळत नसे. शिक्षक मिळविणे हे तर आणखी कठीण. मराठीत घडलेली माणसे बहुधा राज्याबाहेरून येत. हिप्परग्यास व पुढे अंबाजोगाईस शिकविणारे स्वामी रामानंदतीर्थ हे टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे, म्हणजे असहकारातून जन्मलेल्या आणि इंग्रज सरकारचीही मान्यता न मागणाऱ्या संस्थेचे, पदवीधर. त्यांच्या पदवीला दफ्तरी किंमत किती हे कोणी विचारले नाही. विद्यार्थ्यांनी मात्र पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांना नेता मानले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपल्यानंतर तराजू उलटला. आयुष्यभर उर्दूत शिकविलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या अनेकांना मराठीची अक्षरे गिरवावी लागली. कालपर्यंत परीक्षक असलेले आज उमेदवार झाले, आणि या उलाढालीत ज्यांची विद्या निरुपयोगी ठरली, त्यांत मराठी घरांतलेही पुष्कळ होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व त्याबरोबर पाठ्यपुस्तकांची पुणेरी मराठीही आली. गुरुजींच्या जिभेवरची ‘आलाव’, ‘गेलाव’ ही रूपे अशुद्ध ठरून वहीत लाल शाईने खोडली जाऊ लागली. परक्या दफ्तराने भाषेला मज्जाव केला होता. आपल्या दफ्तराने बोलीला केला, एवढाच फेर.

आज संभाजीनगर जिल्ह्यातील मराठी शिक्षकाची सनद राज्य परीक्षा परिषदेकडून येते. राज्यात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा होते. पहिल्या पेपरच्या १५० गुणांपैकी पहिल्या भाषेला ३०. उमेदवाराला गोळे काळे करावे लागतात. पाढा म्हणून दाखवावा लागत नाही, की मुलासमोर गोष्ट सांगावी लागत नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले. त्यामुळे शेंद्र्याच्या कारखान्यांपासून करमाडपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतील, वर्षानुवर्षे बाराखडी शिकविणाऱ्या अनेक गुरुजींना पुन्हा उमेदवाराच्या रांगेत उभे राहावे लागणार आहे.