एकरी किती?

आमच्या परभणीकडे लग्नकार्यात चार म्हातारे एकत्र बसले की कुणीतरी "ही हायब्रीड पिढी!" म्हणून आमचा उद्धार करतंच. या शिवीमागे एक शर्यत आहे.

१९६४ साली सीएसएच-१ आलं, देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण. बुटकं, लवकर येणारं, उतारा गावरानपेक्षा कितीतरी जास्त. रेशनवर परदेशी मिलो घ्यावा लागायचा तो काळ. पीक स्पर्धेत एकरी सर्वात जास्त धान्य काढील तो पहिला. पण कडबा कोण मोजणार? बुटक्या ताटाचा कडबा कमी, म्हणजे दावणीला उपास. शिवाय कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा, आणि भाकरीची चव... असो.

मला हायब्रीडला नावं ठेवायची नाहीत. भुकेल्या माणसाने क्विंटलच मोजायचे असतात. पण भूक भागल्यावरही आपण मोजमाप तेच ठेवलं, हे मात्र खटकतं. (मुलांच्या टक्केवारीचं दुसरं काय झालंय?)

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं, नेमकं दुष्काळाच्या वर्षातलं. त्याच विद्यापीठाने २०१८ मध्ये इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली, ती दाण्यातल्या लोह आणि जस्तासाठी. 'एकरी किती'च्या जोडीला 'दाण्यात काय' हा प्रश्न यायला चोपन्न वर्षं लागली.

आणि रब्बीत? तिथे अजूनही पुष्कळ जण मालदांडीच पेरतात. मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली ती. उतारा बेताचा, पण भाकरी पांढरीशुभ्र आणि बैल कडबा ताटासकट संपवतात.