रेडिचची बुलेट, मद्रासची बुलेट

इंग्लंडमध्ये जुनी मोटारसायकल घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर एक सल्ला हमखास मिळेल: बुलेट घेणार असाल तर ‘खरी’ घ्या, रेडिचची. भारतातली म्हणजे नक्कल. मीही मान डोलावली आणि १९५५ ची एक गाडी बघायला गेलो. मालक सत्तरीचे, गाडी आरशासारखी. बोलता बोलता ते म्हणाले, पिस्टन नवा आहे, क्लचची केबल नवी, सायलेन्सरही. कुठून आणले? ‘अर्थात, इंडियातून.’

मग कोणती खरी?

रेडिच हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला असलेलं, सुयांसाठी प्रसिद्ध गाव. रॉयल एनफिल्डचं मूळही एका सुईच्या कारखान्यातच आहे. पुढे तिथे सायकली बनू लागल्या आणि १९०१ साली पहिली मोटारसायकल आली. सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याच्या कामावरून ‘एनफिल्ड’ नाव पडलं. बुलेट हे नाव १९३२ चं. आज आपण जिला बुलेट म्हणतो ती ३५० सीसीची गाडी मात्र महायुद्धानंतरची, १९४९ साली बाजारात आलेली.

स्वतंत्र भारताच्या सैन्याला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती. मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून १९५५ साली ‘एनफिल्ड इंडिया’ काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्रियूरला कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू सगळं तिथेच ओतायचं, कातायचं. इकडे रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं कामही थांबलं. मद्रासला मात्र तीच बुलेट बनत राहिली.

यात आपण फार छाती फुगवू नये. बुलेट टिकली ती प्रेमापोटी कमी आणि नाइलाजाने जास्त. परदेशी गाड्यांना दार बंद होतं, सैन्य आणि पोलीस हे हक्काचे गिऱ्हाईक होते. १९६९ साली होंडाने बटणावर सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली सीबी ७५० जगापुढे ठेवली, तेव्हा आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. स्पर्धाच नाही, तर बदल कशाला करायचा? बुलेटखाली तेलाचा डाग नसेल तर इंजिनात तेलच नाही, हा विनोद काही उगाच झाला नाही. पण त्याच आळसामुळे एक इंग्रजी यंत्र जिवंत राहिलं, आणि १९७७ पासून ते इंग्लंडलाच निर्यात होऊ लागलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९९४ मध्ये आयशरने कंपनी घेतली. २०१८ ची इंटरसेप्टर ६५० रेडिचच्याच जुन्या गाडीचं नाव लावून आली. रोज कामावर जायला हवी असेल, तर खुशाल ती घ्या. बटण दाबा, निघा.

जुनी घ्याल तर आधी रिकाम्या मैदानात सराव करा. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. घाबरून ब्रेक मारायला जाल आणि गिअर बदलाल. माझं दोनदा झालं. फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून बघा. गाडीला ४० वर्षं झाली असतील तर इथे रोड टॅक्स माफ होतो, आणि मोठे फेरफार नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नसते.

मी शेवटी १९८४ ची घेतली, मद्रासची. ब्रिटिश सरकारच्या दप्तरी ती आता ‘ऐतिहासिक’ आहे.

पहिल्याच रविवारी तिला रेडिचला नेलं. कारखान्याच्या जागी आज एनफिल्ड नावाचीच औद्योगिक वसाहत आहे. सुट्टी असल्याने सगळी शटरं खाली होती. थोडा वेळ थांबलो. मग ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हलकेच दाबली, डिकॉम्प्रेसर ओढून ती जराशी पुढे सरकवली, सोडली आणि पूर्ण ताकदीनं मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली.