मंटोची रेडिओतली नोकरी आणि तुमची स्क्रिप्ट

गेले काही महिने तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारताय : 'लिहायचंय, पण कोणाची ओळख नाही. ऑडिओत नव्या लेखकाला कोण विचारतं?' मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री हे एपिसोड, त्यामुळे करिअरचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. पण या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे, तो सांगतो.

साल १९४१. गाव दिल्ली. सआदत हसन मंटो ऑल इंडिया रेडिओत नोकरीला लागला. वय तिशीच्या आत, म्हणजे माझ्याच वयाचा. कथा छापून आल्या होत्या, मुंबईत 'मुसव्विर' नावाचं साप्ताहिक त्याने सांभाळलं होतं, सिनेमासाठीही लिहिलं होतं. पण रोज रेडिओसाठी लिहायचं हे काम नवीन होतं. त्याच्यासाठीच कशाला, तेव्हा सगळ्यांसाठीच नवीन होतं.

दिल्ली केंद्र सुरू झालं १ जानेवारी १९३६ ला. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं त्याच वर्षीच्या जूनमध्ये. आधी बीबीसीतून आलेला लायोनेल फील्डन प्रमुख होता, मग उर्दूतले मोठे विनोदी लेखक पतरस बुखारी आले. ते मूळचे लाहोरच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. दुसरं महायुद्ध पेटलेलं, त्यामुळे रेडिओचं महत्त्व अचानक वाढलेलं.

आता गंमत बघा. नाटक कंपनी एक नाटक बसवते आणि वर्षभर गावोगावी त्याचे प्रयोग लावते. रेडिओचं तसं नाही. आज रात्री अर्ध्या तासाची श्रुतिका झाली की ती संपली. उद्या दुसरी पाहिजे. बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे, टेपवर आधी रेकॉर्ड करून ठेवायची सोय अजून आलेली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकलॉग कधीच रिकामा होत नाही. म्हणून रेडिओने लेखकांना चक्क पगारावर ठेवलं. मंटोबरोबर कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क, न. म. राशिद, मीराजी अशी माणसं त्या काळात तिथे होती. उर्दू साहित्यात पुढे ज्यांच्यावर पीएचड्या झाल्या, ती मंडळी महिन्याच्या पगारावर स्क्रिप्ट लिहीत होती!

मंटोने सुमारे दीड वर्ष ही नोकरी केली आणि तेवढ्या काळातल्या लिखाणाचे पुढे चार संग्रह झाले : 'आओ', 'मंटो के ड्रामे', 'जनाज़े' आणि 'तीन औरतें'. यातला 'आओ' आजच्या लेखकाने जरूर बघावा. किशोर आणि लाजवंती हे नवराबायको आणि त्यांचा मित्र नारायण. प्रत्येक नाटिकेत हेच तिघं, फक्त उद्योग वेगळा. कधी पत्ते खेळायचे, कधी कथा लिहायची, कधी खोटं बोलायचं. म्हणजे आज आपण ज्याला सिटकॉम म्हणतो, त्याचाच साचा. तीनच आवाज असले की ऐकणारा गोंधळत नाही, आणि पात्रं ठरलेली असली की लेखकाला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आपल्याकडेही हेच दिसतं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून तिथे १९५५ च्या एप्रिलपासून दर आठवड्याला एक नवं गीत जायला लागलं, तेच 'गीतरामायण'. वर्षभराची ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गीतं झाली ५६. गदिमा तेव्हा नवे नव्हते, मोठं नाव होतं. तरी आकडा ठरवला तो कॅलेंडरने! नव्यांसाठी वेगळी जागा ठेवली गेली ती १९६९ पासून, 'युववाणी'त. पंधरा ते तीस वयोगटातल्या मुलामुलींनी केलेले, त्यांच्यासाठीचे कार्यक्रम.

थोडक्यात काय, रिकामा स्लॉट रोज भरायचा असला की नव्या लेखकाला दार उघडतं. ओळख असली तर बरंच, पण स्लॉटची गरज जास्त मोठी असते. आज ऑडिओ सीरिजची ॲप्स रोज एपिसोड मागतायत, तिथे नेमकं हेच चाललंय.

पण दार उघडलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. १९४२ मध्ये मंटोच्या एका नाटिकेच्या संहितेत फेरफार झाले. त्याचं म्हणणं, लिहिलंय तसंच जाऊ दे. ते झालं नाही आणि मंटो नोकरी सोडून मुंबईला परतला. या भांडणात समोरच्या बाजूला अश्क होते. पुढे दोघेही मुंबईत फिल्मिस्तानमध्ये भेटले आणि 'आठ दिन' (१९४६) या सिनेमात दोघांनी चक्क छोट्या भूमिकाही केल्या. नोकरी गेली, पण हात बसलेला होता, तो मुंबईत कामाला आला.

हे आत्ता सांगायचं कारण असं. माझ्या एका मैत्रिणीने एका ऑडिओ ॲपसाठी चाळीस एपिसोड लिहिले. पैसे मिळाले, पण नाव कुठेच नाही, आणि शेवट परस्पर बदललेला. तिला वाटलं, विकलं म्हणजे संपलं. तसं नाहीये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. साल आणि कलम, दोन्हीकडे ५७, लक्षात ठेवायला सोपं. हक्क विकल्यानंतरही 'हे मी लिहिलंय' असं म्हणायचा अधिकार लेखकाकडे राहतो. आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली, तर हरकतही घेता येते. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीच्या बाबतीतही लेखकाची बाजू बळकट केली. मात्र पगारी नोकरीत लिहिलेल्याचा पहिला मालक सहसा मालकच असतो, वेगळा करार नसेल तर.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. नाव कुठे येणार? बदल कोण करणार आणि मला दाखवणार का? पुन्हा वापरलं तर पैसे किती? मेल जपून ठेवा, फोनवरच्या 'हो हो'ला अर्थ नाही.

आणि काहीच हातात नसेल तर आज रात्री दहा मिनिटांची श्रुतिका लिहा. तीनच आवाज, एकच खोली. फोनवर मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ती ओळ परत लिहा. जमलेली स्क्रिप्ट मला पाठवा. पुढच्या महिन्यातला एक भाग रिकामा ठेवलाय, तुमचं नाव घेऊनच वाचेन. भेटू!