नाथसागराची भरती-ओहोटी : वर्षभर सरकणाऱ्या किनाऱ्याचा फोटो कसा काढायचा?

इयरफोन लावलेत ना? आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांचंही स्वागत.

आज बोलायचंय समुद्रकिनाऱ्याच्या फोटोग्राफीबद्दल. आता तुम्ही म्हणाल, छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्र? आपल्याकडे वेरूळ आहे, अजिंठा आहे, पाणचक्की आहे. समुद्र बघायचा तर रात्रीची गाडी पकडून मुंबई नाहीतर कोकण गाठावं लागतं. बरोबर आहे. पण शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर, पैठणला, आपल्याकडे एक किनारा आहे. त्याला भरती आहे, ओहोटी आहे, पक्षी आहेत, कोळ्यांची जाळी आहेत. फक्त त्याचं घड्याळ वेगळं आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आपल्या नाथसागराला वर्षातून एकदा. आणि काही वर्षी तर येतच नाही.

आधी खऱ्या समुद्राचं गणित बघू. कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती साधारण तीन वाजता. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढ-उतार करतं. अपोलो बंदरावर हे पाणी मोजणारं यंत्र 1878 पासून आहे. म्हणजे समुद्र कुठवर आला आणि कुठवर गेला, याची जवळपास दीडशे वर्षांची वही मुंबईकडे आहे.

आता आपल्याकडचं गणित. जायकवाडी धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर असते. हा आकडा पैठणमध्ये कुणालाही विचारा, तोंडपाठ असतो. आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी त्याच्या साडेसत्तावीस फूट खाली. मीटरमध्ये सांगायचं तर आठपेक्षा थोडं जास्त. म्हणजे उंचीच्या हिशोबात आपल्या नाथसागराची ओहोटी मुंबईच्या समुद्रापेक्षाही मोठी! आणि इथली जमीन सपाट. समजा, शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार लागतो असं धरलं, तर आठ मीटर पाणी उतरल्यावर किनारा आठशे मीटर मागे गेलेला असतो. ऑक्टोबरमध्ये जिथे पाण्यात पाय बुडवून उभं राहून फोटो काढला, तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन असते आणि पाणी लांब, एका चकाकत्या रेघेसारखं दिसतं.

हा किनारा आला कुठून?

समुद्राचा किनारा लाखो वर्षांचा. आपला किनारा आपल्या आजी-आजोबांपेक्षा लहान आहे. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, 27 दरवाजे आणि मागे साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी. संत एकनाथांच्या गावाजवळचं पाणी म्हणून नाव पडलं नाथसागर.

ही साडेतीनशे चौरस किलोमीटर जागा आधी रिकामी नव्हती, हे मात्र विसरू नका. गोदाकाठची काळी जमीन होती, गावं होती, देवळं होती, विहिरी होत्या. माणसांना उठून दुसरीकडे जावं लागलं. पाण्याचा सुंदर फोटो काढताना त्याच्या तळाशी कुणाचं तरी शेत आहे, एवढं लक्षात असू द्या. आपल्या राज्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या जलाशयात, भीमा नदीवरच्या उजनीत, हे डोळ्यांना दिसतं. पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला, फोटो काढायला गर्दी करतात. ओहोटीत इतिहास वर येतो तो असा.

आणि गंमत बघा. पैठणचा समुद्राशी संबंध आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचं एक हँडबुक लिहिलं, ‘पेरिप्लस’. त्यात सातवाहनांच्या पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून. इथून किमती दगड गाड्यांवर लादून बंदरावर जायचे आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल समुद्राकडे जात होता. मग 1976 मध्ये पैठणच्या दारातच पाणी आलं.

उजेडाचं भांडण

आता कॅमेऱ्याकडे येऊ. धरणाची भिंत पैठणच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, आणि पाणी पसरलंय वर नदीच्या दिशेने, पश्चिमेला. त्यामुळे पैठणजवळच्या किनाऱ्यावर उभं राहिलात तर संध्याकाळी सूर्य थेट पाण्यावर उतरताना दिसतो. डिसेंबरमध्ये तो डावीकडे, नैर्ऋत्येला बुडतो. जूनमध्ये उजवीकडे, वायव्येला. एकाच जागेवरून वर्षभर फोटो काढले तर किनारा पुढे-मागे सरकतो आणि सूर्य डावीकडून उजवीकडे.

सूर्यास्ताचा फोटो काढताना एक अडचण सगळ्यांनाच येते. आकाश नीट आलं की पाणी काळं, आणि पाणी नीट आलं की आकाश पांढरंफटक. हे भांडण फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला फार पटकन भाजायच्या, त्यामुळे आकाश कोरं यायचं. त्याने युक्ती काढली. आकाशासाठी एक निगेटिव्ह, समुद्रासाठी दुसरी, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच प्रिंट. लोक थक्क झाले. समुद्र आणि ढग एकाच फोटोत इतके स्पष्ट त्यांनी क्वचितच बघितले होते.

आज तुमच्या खिशातला फोन हेच काम एका टचवर करतो. एचडीआर म्हणजे दुसरं काय? उजळ-गडद असे वेगवेगळे फोटो भराभर घेऊन एकत्र जोडायचे. मग प्रश्न असा, की जोडलेला फोटो खरा का? सुंदर नक्की असतो. पण किनाऱ्याची नोंद म्हणून ठेवायचा असेल तर आकाशाचा रंग वाढवायला हरकत नाही, पाण्याची कड मात्र हलवू नका.

फोटो पुरावा कधी होतो?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. रॉबर्ट गिल नावाचा ब्रिटिश अधिकारी 1840 च्या दशकात अजिंठ्याला आला. काम होतं लेण्यांमधल्या चित्रांच्या हुबेहूब रंगीत प्रती करायचं. वर्षानुवर्षं त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला गेले. 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि प्रदर्शनात लावलेले त्याचे कॅनव्हास जळून गेले. पण गिलने मधल्या काळात कॅमेराही हातात घेतला होता. त्याच्या लेण्यांच्या फोटोंची पुस्तकं 1864 मध्येच छापून झाली होती. त्या काळी लेण्या कशा दिसत होत्या, ते आज त्या फोटोंवरून कळतं.

गिल फोटो काढत होता तेव्हा त्याला माहीत नव्हतं की कॅनव्हास जळणार आहेत. फोटोची किंमत नंतर ठरते. नाथसागराचंही तसंच आहे. आज तुम्ही काढलेला साधा, इन्स्टावर चाळीस लाईक मिळालेला फोटो वीस वर्षांनी कुणासाठी तरी मोलाचा ठरू शकतो. पण एका अटीवर. त्यावर तारीख हवी आणि जागा हवी.

तारीख का? कारण या किनाऱ्याची तारीख कायद्यात आहे! नाशिक आणि अहिल्यानगरमधली धरणं वर, जायकवाडी खाली. वरचे म्हणतात आमचं पाणी, खालचे म्हणतात आमचा वाटा. 2005 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. पुढे सूत्र ठरलं ते असं, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचा विचार करायचा. प्रकरण कोर्टात गेलं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. तरी दर कमी पावसाच्या वर्षी वाद पेटतोच. आणि यावर तुमच्या-आमच्या नळाचं पाणी अवलंबून आहे, कारण शहर पाणी पितं ते याच जलाशयाचं.

म्हणून 15 ऑक्टोबरचा किनारा हा नुसता निसर्गाचा फोटो राहत नाही. त्या दिवशी पाण्याची कड कुठे होती, यावर पुढचा उन्हाळा ठरतो.

अजून एक गोष्ट. बातमीत ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ असं येतं तेव्हा धरण कोरडं नसतं. तो उपयुक्त साठ्याचा आकडा असतो. त्याखाली साधारण 26 टीएमसी मृतसाठा शिल्लक असतो. 2016 च्या आणि 2019 च्या उन्हाळ्यात आपण यावरच होतो. म्हणजे शून्य टक्क्यांच्या दिवशीही फोटोत भरपूर पाणी दिसू शकतं आणि कुणीतरी तो फोटो ‘बघा, कुठे आहे दुष्काळ?’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवू शकतं. फोटो खोटा नसतो, पण अर्धाच असतो. तारखेबरोबर त्या दिवशीची पातळीही लिहिलीत तर तो पूर्ण होतो.

वर्षभराचा अल्बम

मग कधी काय टिपायचं?

सप्टेंबर-ऑक्टोबर, चांगला पाऊस झाला तर भरती. पाणी काठोकाठ, झाडांचे बुंधे बुडालेले. दरवाजे उघडले की लोक बघायला येतात. पण 2006 च्या ऑगस्टमध्ये याच विसर्गाने पैठण शहरात पाणी शिरलं होतं, तेव्हा उत्साहात नदीपात्राच्या जवळ जाऊ नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी, पाहुण्यांचा काळ. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पाणी थोडं उतरलं की उथळ चिखलाच्या कडा उघड्या पडतात आणि तिथेच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरायला येतात. ओहोटी नसेल तर फ्लेमिंगोही जवळ नाहीत! सकाळचा कोवळा उजेड घ्या. लांबूनच काढा. थवा उडवण्यासाठी पळू नका, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन नाही म्हणजे नाही.

मार्च ते मे, खरी ओहोटी. उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. पाणी सरकलं की शेतकऱ्यांच्या मोटारी सरकतात, पाईप वाढत जातात. पाईपची ती लांबी म्हणजे दुष्काळ मोजायची पट्टीच समजा. दुपारच्या उन्हात फोटो चपटा येतो हे खरं, पण जमिनीच्या भेगा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात अशा काही उठून दिसतात की विचारू नका. फक्त ओल्या गाळात उतरू नका. वरून सुकलेला दिसतो, आत पाय रुततो.

धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ सुरक्षेचे नियम आहेत, तिथे फोटोसाठी वाद घालायचा नाही. किनारा इतका मोठा आहे की जागा कमी पडणार नाही.

आता तुम्हाला एक काम. नाथसागराच्या काठावर कुठेही एक जागा ठरवा. एखादं हलणार नाही असं देऊळ, खांब किंवा मोठा दगड फ्रेममध्ये घ्या. तिथूनच, त्याच दिशेने, वर्षातून चार फोटो काढा. 15 ऑक्टोबर, 15 जानेवारी, 15 एप्रिल आणि 15 जून. खाली तारीख, जागा आणि त्या दिवशीची पातळी लिहा. पातळी रोज बातम्यांत येते. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये 1984 पासूनचा नाथसागर वरून बघता येतो, तो जरूर बघा. पण उपग्रहाला मोटारीचा पाईप दिसत नाही, जाळं वाळत घालणारा माणूस दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं.

हे आत्ताच का? कारण हे पाणी असंच दिसत राहील याची खात्री नाही. जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आहे. त्यावरून मच्छीमार, पक्षिप्रेमी आणि प्रकल्पवाले यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वीजही लागते, बाष्पीभवनही कमी व्हायला हवं, मासेमारीही जगली पाहिजे. कोण बरोबर, यावर एक वेगळा एपिसोड करू. पण उद्या काहीही ठरलं तरी आज हा किनारा कसा होता, हे सांगणारं कुणीतरी हवं. मुंबईच्या समुद्राची वही 1878 पासून लिहिली जातेय. आपल्या पाण्याचे आकडे सरकार लिहून ठेवतं. त्या आकड्यांच्या शेजारी लावायचे फोटो मात्र आपल्याच फोनमध्ये आहेत.

तर येत्या 15 ऑक्टोबरचा अलार्म लावून ठेवा. फोटो काढलात की तारखेसकट आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून वापरा, मंडळी!